गारपीट आणि कात्री

कर्करोगावर 'शेक' घेणारा एखादा रोगी तुमच्याही गावात असेल. "रोज रोज कशाला? एकदाच काय तो द्या की!" असे म्हणून असा रोगी कधी कधी उपचार अर्धवट टाकून घरी परततो. शेक थोडा थोडा का देतात, हे समजायचे तर पेशीच्या पोटात डोकावले पाहिजे.

पेशीच्या मध्यभागी केंद्रक असते. माणसाच्या एका केंद्रकात डीएनएचे ४६ धागे असतात. जोडले तर लांबी सुमारे २ मीटर! एवढा धागा मावतो कसा? हिस्टोन नावाच्या प्रथिनांची बारीक रिळे असतात. प्रत्येक रिळावर धाग्याचे जवळजवळ दोन वेढे बसतात. रिळे आणि धागा मिळून जे होते, ते क्रोमॅटिन.

क्ष-किरण या धाग्यावर गारपिटीसारखे पडतात. घाव कुठे बसेल याचा नेम नाही. असे बदल पुढच्या पिढीतही उतरतात, हे हर्मन मुलर यांनी १९२७ साली फळमाश्यांवर प्रयोग करून दाखवले. पोटुशा बाईने क्ष-किरण फोटोआधी तसे सांगायचे असते.

पण पेशी काही स्वस्थ बसत नाही. तिच्यातली विकरे, म्हणजे एन्झाइम, तुटलेली टोके सांधू लागतात. धाग्याचे दोन्ही पदर एकाच जागी तुटले, तर मात्र काम कठीण. दुरुस्ती हाताबाहेर गेली, की पुष्कळदा पेशी स्वतःच मरण पत्करते. तेव्हा दुसरी विकरे कात्री चालवतात, पण ती नेमाने. उंदराच्या यकृतातील केंद्रकांत अशी कात्री कशी चालते, ते ह्यूइश आणि बर्गॉइन यांनी १९७३ साली दाखवले. तुकडे ठरावीक मापाच्या पटीतच पडले, कारण कात्री दोन रिळांमधल्या मोकळ्या धाग्यावर चालते.

गुरुजी, रिकाम्या रिळांवर एकच दोरा गुंडाळून हे वर्गात दाखवता येईल. एकदा डोळे मिटून कापा, एकदा रिळांच्या मधोमध. फरक मुलांना लगेच दिसेल.

आता शेकाचे कोडे उलगडते. निरोगी पेशींना सांधणे चांगले जमते. कर्करोगाच्या पुष्कळ पेशींना तितके जमत नाही. दोन शेकांमधली रात्र ही निरोगी पेशींना मिळालेली सवड असते. तेव्हा डॉक्टरांनी दिलेला दिवस चुकवू नका, आणि शेजाऱ्यालाही चुकवू देऊ नका.