भरल्या पोटाचं मांजर आणि उणे वीसचा गोठा

उपाशी मांजर जास्त उंदीर मारतं, या समजुतीची खरी परीक्षा पाहायची तर ती विस्कॉन्सिन-मिनेसोटासारख्या मुलखातल्या हिवाळ्यात पाहावी. अमेरिकेच्या उत्तरेकडचा हा दूधदुभत्याचा पट्टा. जानेवारीतल्या रात्री इथं पारा उणे २० अंश सेल्सिअसच्याही खाली जातो. २ फेब्रुवारी १९९६ रोजी मिनेसोटातल्या टॉवर या गावी तो उणे ५१पर्यंत उतरला होता. इथल्या गोठ्यांत मांजरं असायचीच. घराच्या उंबऱ्याआत त्यांना जागा नसते, पण काम नेमलेलं असतं: दाणा, पेंड आणि चाऱ्याच्या माळ्यावर जमणारे उंदीर आवरायचे. खायला घातलं तर ती आळसावतील, म्हणून हात आखडता घ्यायचा, असं मानणारे शेतकरी आजही आहेत. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. कडाक्याच्या थंडीत मांजराकडून काम हवं असेल, तर त्याच्या पोटाची आणि उबेची तजवीज मालकानंच करायला हवी. भूतदया म्हणून तर करावीच, पण नुसत्या हिशोबानंही तेच निघतं.

मांजराच्या पूर्वेतिहासातलं एवढंच इथं कामाचं: त्याचा पूर्वज म्हणजे उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातलं रानमांजर. धान्याची कोठारं झाली, उंदीर आले, त्यांच्यामागून ते आलं; सायप्रसमध्ये माणसाशेजारी पुरलेलं सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं मांजर सापडल्याचं २००४ साली जाहीर झालं. म्हणजे मूळ पिंड उष्ण प्रदेशातला, आणि तो अजून बदललेला नाही. अंगची ऊब टिकवायला जादा शक्ती न खर्चता मांजर राहू शकतं ते साधारण ३० ते ३८ अंशांत. उणे वीसमध्ये त्याचा प्रत्येक तास खर्चाचा असतो.

आता भुकेचा प्रश्न. आर. ई. अ‍ॅडमेक या संशोधकानं १९७६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मला या साऱ्या वादाचा कणा वाटतो. मांजरं आवडतं खाणं खात असताना त्यांच्यासमोर जिवंत उंदीर सोडला. मांजरांनी खाणं थांबवलं, उंदीर मारला, तोंडात धरून ताटलीपाशी आणून ठेवला आणि पुन्हा आपलं आवडतं खाणं सुरू केलं. शिकार आणि भूक यांची गाठ आपण समजतो तितकी घट्ट नाही, हे इथं डोळ्यांना दिसतं. यामागचं कारणही पटण्यासारखं आहे. उंदीर हा एवढासा घास. मांजराचे बरेचसे हल्ले फुकट जातात. पोट रिकामं झाल्यावर शिकारीला निघायचं ठरवलं, तर असं जनावर तगणार नाही. समोर हालचाल दिसली की झडप घालायची, खायचं की नाही ते नंतर बघायचं, हीच त्याची घडण आहे. भूक वाढली की मारण्याची ओढ काहीशी वाढते हे खरं, पण पोट भरलं म्हणून ती मरत नाही.

आणि थंडीत नुसत्या उंदरांवर मांजर जगवायचं म्हटलं, तर गणित जुळत नाही. एका घरउंदरातून साधारण ३० किलोकॅलरी मिळतात. चार किलोच्या मांजराला बऱ्या हवामानातही दिवसाला आठ-दहा उंदीर लागतील. उणे वीसमध्ये त्याहून जास्त. पाण्याची गोष्ट याहून बोलकी आहे. भांड्यातलं पाणी गोठलेलं, तेव्हा मांजर बर्फ चाटून भागवेल असं सहज म्हटलं जातं. कोरडं खाणं खाणाऱ्या चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण पाव लिटर पाणी लागतं. त्यातलं दोनशे ग्रॅम जरी उणे वीसच्या बर्फातून मिळवायचं, तरी तो वितळवून अंगाच्या तापमानापर्यंत आणायला सुमारे २५ किलोकॅलरी खर्च होतात. जवळजवळ एक अख्खा उंदीर नुसत्या तहानेपायी गेला! म्हणून विजेवर कोमट राहणारं भांडं ही चैन नव्हे. वीज नसेल तिथं खोलगट भांड्यात दिवसातून दोनदा कोमट पाणी ओतायचं.

उपाशी मांजर शिकारीपायी दूरदूर भटकतं. ज्या कोठारासाठी ते ठेवलं, तेच राखणीविना राहतं. याला पुरावा चार्ल्स एल्टन या इंग्रज परिसरशास्त्रज्ञाचा. ऑक्सफर्डच्या परिसरातल्या शेतांवर त्यांनी मांजरं आणि मोठे उंदीर, म्हणजे घुशीएवढे होणारे, यांचा अभ्यास करून १९५३मध्ये निष्कर्ष छापले. आधीच माजलेले उंदीर मांजरं निपटू शकत नाहीत. पण विषानं एकदा जागा साफ केली, तर मांजरं नवे उंदीर शिरू देत नाहीत. अट एकच: त्यांना शेतावर दूध वगैरे वरचं खाणं मिळावं, म्हणजे ती इमारतींपाशीच राहतात. यावर कुणी न्यूयॉर्कचा दाखला देईल. ब्रुकलिनमधल्या एका कचरा-केंद्रात ७९ दिवस कॅमेरे लावले, तेव्हा मांजरांनी मोठे उंदीर मारल्याचं दोनदाच दिसलं. हा २०१८चा अभ्यास मला मान्य आहे, आणि तो एल्टनच्या पहिल्या निष्कर्षाशी जुळतोच. गोठ्यातलं मांजर म्हणजे राखण. सफाईचं काम त्याच्याकडून होणार नाही. चाऱ्यात मुरणाऱ्या लहान उंदरांवर मात्र त्याचा खरा हात चालतो.

राहिली ऊब. पूर्वी गायी हिवाळाभर दावणीला बांधलेल्या असत, डोक्यावर चाऱ्याचा माळा असे. एक दुभती गाय हजार वॅटहून अधिक उष्णता बाहेर टाकते. पन्नास गायी म्हणजे पन्नास हीटर. मांजरं गायींच्या पाठीला पाठ लावून झोपत. आता लहान गोठे झपाट्यानं बंद होताहेत आणि उरलेले मोठे मुक्त गोठे मुद्दाम हवेशीर, थंड ठेवतात, कारण गायीला थंडी मानवते. मांजराला मात्र ती मानवत नाही, हे या बदलात कुणाच्या लक्षात राहिलं नाही असं मला वाटतं. तिथं पेटी करावीच लागते: जाड थर्माकोलची, जमिनीपासून उचललेली, मांजर जेमतेम शिरेल एवढ्या दाराची आणि दोन मांजरांपुरतीच. पेटी मोठी केली की अंगच्या उबेनं ती तापत नाही. आत गोधडी नको; ओली झाली की ती अंगातली ऊब ओढून घेते. वाळलेलं गवतही नको, तेही ओल धरतं. गव्हाचं किंवा ओटचं कोरडं काड भरायचं. त्याची नळी पोकळ असते, आत हवा अडकते, ओल निथळते आणि मांजर त्यात स्वतःला पुरून घेतं. हिवाळी लव दाट येते म्हणून हे सारं अनावश्यक, असं म्हणणाऱ्यांनी गोठ्यातल्या म्हाताऱ्या बोक्यांचे कान पाहावेत. हिमदंशानं झडलेली त्यांची टोकं लव कुठं संपते ते सांगतात.

सर्वांत वजनदार आक्षेप पक्ष्यांचा. अमेरिकेत मांजरं वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात आणि त्यातला मोठा वाटा बिनमालकीच्या मांजरांचा, असा अंदाज २०१३ साली प्रसिद्ध झाला. खायला घालाल तर संख्या वाढेल, मग पक्ष्यांचं काय? हा आक्षेप उडवून लावता येत नाही, आणि नुसतं खाणं घालून त्याला उत्तरही मिळत नाही. खाणं आणि नसबंदी ही जोडीनंच व्हायला हवी, आणि तीही हिवाळ्यात. दिवस मोठा होऊ लागला की भाटी माजावर येते. गर्भाचे नऊ आठवडे धरले तर कुरणात पक्ष्यांची घरटी होण्याच्या सुमारास पिल्लं आणि त्यांच्यासाठी शिकार करणारी आई हजर. जानेवारीआधी शस्त्रक्रिया झाली तर ही साखळी तुटते. पोटावरची लव काढलेली असते, म्हणून भाटीला त्यानंतर काही दिवस उबदार खोलीत ठेवायचं. रोज ठरल्या वेळी खाणं मिळणारं मांजर पिंजऱ्यात पकडणंही सोपं जातं.

फक्त ते खाणं आता दुधाचं नसावं. धार काढताना मांजरांपुढे दुधाची थाळी सरकवायची जुनी रीत एल्टनच्या काळी चालून गेली. मार्च २०२४मध्ये अमेरिकेतल्या दुभत्या गायींत एच५एन१ बर्ड फ्लू आढळला, तेव्हा टेक्सासमधल्या एका गोठ्यात आजारी गायींचं कच्चं दूध पाजलेल्या सुमारे २४ मांजरांपैकी निम्म्याहून अधिक दगावली. कोरडं तयार खाणं गोठत नाही आणि थंडीत जादा लागणाऱ्या कॅलरी देतं. दिवेलागणीच्या आत खाऊन संपेल एवढंच घालावं, कारण रात्रभर उरलेल्या थाळीवर उंदीरच जेवतात.