बिनपाण्याचं जेवण
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या मिरजेच्या घरी रात्रीचं जेवण अगदी साधं असायचं. ज्वारीची भाकरी, एखादी पालेभाजी नाहीतर पिठलं, आमटी, भात आणि ताक. आठवड्यातून एकदा-दोनदा मुगाची खिचडी आणि कढी. पाहुण्यानं नावाजावं असं त्यात काही नव्हतं. पण आज त्या ताटाचा विचार करते तेव्हा एक गोष्ट लक्षात येते, ते सगळं जेवण पाण्याचं होतं. पिठल्यात वाटीभर बेसनाला तीन वाट्या पाणी, आमटीत पाणी, भातात पाणी, कढीत तर पाणीच पाणी. असं जेवण गरम असतं तोवर राजासारखं असतं. दोन तासांनी त्याच पिठल्यावर साय धरते, खिचडीचा गोळा होतो आणि सगळं कसं बापुडवाणं दिसायला लागतं.

भाकरीचं तर विचारूच नका. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणजे ज्याला आपण ग्लुटेन म्हणतो ते तिच्यात नसतं. म्हणून पीठ उकळत्या पाण्यानं मळायचं. त्या पाण्यानं पिठातला स्टार्च फुगतो आणि तोच भाकरीला धरून ठेवतो. भाकरी तव्यावरून उतरली की हा फुगलेला स्टार्च हळूहळू पुन्हा आवळायला लागतो. आपण म्हणतो भाकरी वाळली. खरं तर पाणी फारसं उडालेलं नसतं. फडक्यात गुंडाळून झाकून ठेवली तरी ती कडक होतेच. पुन्हा तव्यावर टाकली तर थोडा वेळ मऊ होते, म्हणजे पाणी तिच्यात होतंच की!

याचा आमच्या स्वयंपाकघरात परिणाम असा व्हायचा, की भाकरी तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे. वडील जेवणार, मिरजेच्या आजी जेवणार, मग आम्ही तिघं भावंडं. प्रत्येकाची भाकरी फुगायच्या बेताला आली की आई ती तव्यावरून काढून निखाऱ्याला लावायची. पुढे शेगडी जाऊन गॅस आला, पण आईचं उभं राहणं काही गेलं नाही. ती शेवटी जेवायची. आम्ही अंथरुणं घालत असायचो तेव्हा आतून तिच्या ताटलीचा आवाज यायचा. आईला जेवताना बघणं ही गोष्ट आमच्या लहानपणी जवळजवळ नव्हतीच. कोणी तिच्यावर सक्ती करत होतं असं नाही. भाकरीच तशी होती, आणि भाकरी गरमच हवी असं म्हणणारे आम्ही होतो.

आता गाडीकडे येते. मे महिन्यात आम्ही आजोळी नागपूरला जायचो. महाराष्ट्र एक्स्प्रेस तेव्हा कोल्हापूर ते नागपूर धावायची. पुढे ती गोंदियापर्यंत नेली. कोल्हापूर ते गोंदिया हे अंतर तेराशे किलोमीटरच्या वर आहे, आणि ही सगळी धाव एकाच राज्यात. मिरज, सातारा, पुणे, दौंड, तेव्हाचं अहमदनगर म्हणजे आताचं अहिल्यानगर, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा, नागपूर. दुपारी बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी उतरायचा, आणि गाडी रखडली तर दिवेलागणीला. म्हणजे एक रात्रीचं जेवण, सकाळची न्याहारी, दुपारचं जेवण आणि मधली अरबट-चरबट भूक, एवढं सगळं घरून न्यायचं. ट्रंक, होल्डॉल, फिरकीचा तांब्या आणि शिदोरीचे डबे. डब्यांची पिशवी आई कोणाच्या हातात देत नसे.

ही शिदोरी म्हणजे घरच्याच जेवणाचं पाणी काढून टाकलेलं रूप होतं. जंतूंना आणि बुरशीला नुसतं अन्न पुरत नाही, त्यांना पाणी लागतं आणि तेही मोकळं पाणी. ते कमी केलं की अन्न टिकतं. मग ते तळून कमी करा, भाजून करा, वाळवून करा, नाहीतर मीठ आणि साखर घालून बांधून ठेवा. लोणचं, गूळपोळी, शंकरपाळे आणि लसणाची कोरडी चटणी यांची चव एकमेकींच्या आसपासही नाही, पण ती टिकतात ती मुख्यतः याच कारणानं.

दशमी ही तर या विद्येतली मोठी करामत. पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवायचं, पातळ लाटायचं आणि तेल किंवा तूप सोडून दोन्ही बाजूंनी नीट भाजायचं. दुधातल्या स्निग्धांशामुळे आणि भाजताना सोडलेल्या तेल-तुपामुळे ती दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. तिखटमिठाच्या पुऱ्यांचं काम तळणीत होतं. पुरी तेलात पडली की जे बुडबुडे येतात ती पिठातल्या पाण्याची वाफ असते. आई त्या पुऱ्यांत ओवा आणि हळद घालायची. टिकण्याचं श्रेय हळदीला फार देऊ नये असं माझं मत आहे. खरं काम तेलाचं आणि विस्तवाचं, हळदीचा रंग तेवढा डोळ्यांत भरतो.

पण सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट पाककृतीच्या पुस्तकात बहुधा सापडत नाही. दशम्या झाल्या की आई त्या सुपात धुतलेलं पंचं पसरून एकेक मोकळी टाकायची आणि पूर्ण निवल्याशिवाय डब्याला हात लावू द्यायची नाही. गरम पोळ्या डब्यात कोंडल्या की त्यांना घाम सुटतो. ती वाफ झाकणाला लागून थेंब होऊन परत पोळीवर पडते. म्हणजे एवढ्या खटपटीनं घालवलेलं पाणी मागच्या दारानं आत येतं. अलीकडे आपण गरम पोळ्या कॅसरोलमध्ये नाहीतर चांदीच्या कागदात गुंडाळून देतो. तासाभरात जेवायचं असेल तर उत्तम. मे महिन्याच्या उन्हात दुसऱ्या दिवसापर्यंत न्यायच्या असतील तर त्यासारखी चूक नाही.

डबे उघडायचाही क्रम ठरलेला असे. बटाट्याची कोरडी भाजी पहिल्याच रात्री संपवायची, कारण बटाट्यात पाणी राहतंच. दुसऱ्या दिवशी दशम्या आणि शेंगदाण्याची, कारळ्याची चटणी. चटणीत खोबरं घालायचं तर सुकं, ओला नारळ चुकूनही नाही. कांदा चिरून न्यायचा नाही, अख्खा न्यायचा आणि बाकावर कागद ठेवून बुक्कीनं फोडायचा. हे काम वडिलांचं. गाडीतल्या जेवणात त्यांच्या वाट्याला आलेलं हे एकच काम, आणि ते त्याचा भलताच थाट करत!

भात मात्र आई कधीच न्यायची नाही. ‘भात दगा देतो,’ एवढंच म्हणायची. ती का म्हणायची ते मला पुष्कळ उशिरा कळलं. बॅसिलस सीरियस नावाचा एक जंतू तांदळात असतो. भात शिजला तरी त्याचे बीजाणू मरत नाहीत, आणि भात उबेत तासन्‌तास राहिला की ते वाढून विष तयार करतात. ते विष भात पुन्हा गरम केल्यानंही जात नाही. दक्षिणेकडची माणसं भात नेतात, पण तो आंबट करून. चिंचेचा कोळ घातलेला पुळियोदरै किंवा दहीभात. जाणत्या बायका दहीभात कालवताना दूध जास्त आणि दही चमचाभरच घालतात. वाटेत त्याचं दही लागत जातं आणि जेवायच्या वेळी तो बेताचा आंबट असतो. आंबटपणाही जंतूंना अडवतो. गुजरात्यांचे ठेपले, बिहारकडचं सत्तू आणि लिट्टी, ही याच प्रश्नाची त्या त्या मुलखानं शोधलेली उत्तरं आहेत.

तुम्ही म्हणाल, हे सगळं आमच्या आज्या-पणज्यांना टिकण्यासाठीच सुचलं होतं का? नाही. दशमी दुधात भिजवण्यामागे सोवळंही होतं. पाण्यात शिजलेलं ते खरकटं, ते प्रवासात चालायचं नाही, दुधा-तुपातलं चालायचं. आपल्याकडे पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावली आणि नाना जातींची माणसं एकाच बाकावर आली. पण विटाळाच्या कल्पना काही फलाटावर राहिल्या नाहीत, त्याही गाडीत चढल्या. इंग्रजी अमदानीत स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ असं वेगवेगळं मिळायचं. घरच्या डब्याचं कौतुक करताना हेही सांगायला हवं, की पुष्कळ घरांत तो डबा शेजारच्या माणसाचं खावं लागू नये म्हणूनही भरला जायचा.

मिरजेच्या आजी अशाच. एकदा त्या आमच्याबरोबर होत्या. समोरच्या बाकावर अकोल्याला उतरणारं कुटुंब होतं. त्यातल्या बाईंनी डबा उघडून आईपुढे जवसाची चटणी धरली. ‘घ्या ना बाई, घरचीच आहे.’ आईनं एकदा सासूकडे पाहिलं आणि चटणी घेतली. आमच्या बटाट्याच्या भाजीतली अर्धी भाजी तिकडे गेली. आजी खिडकीकडे तोंड करून बसल्या. सातारा मागे पडून अर्धा तास झाला असेल, आजी बाहेर बघतच म्हणाल्या, ‘काय गं, जवस भाजून घेतात का कच्चेच कुटतात?’

त्याच रात्रीचं मला सगळ्यांत जास्त काय आठवतं म्हणाल, तर आई जेवत होती. खिडकीजवळ, पाय वर घेऊन, गुडघ्यावर कागद पसरून. तिच्या हातात दशमी आणि आमच्याही हातात दशमी. उठायचं कशाला, तवाच नव्हता. कोणाला काही गरम हवं असलं तरी ते मिळणार नव्हतं, त्यामुळे कोणी मागितलंच नाही. जेवता जेवता ती बाहेरच्या अंधारात बघत होती आणि मध्येच कसल्यातरी गोष्टीवर हसली. मी दहा-अकरा वर्षांची असेन. आईला कारळ्याची चटणी आवडते हे मला त्या दिवशी कळलं.

आता हा मोकळेपणा फुकटचा नव्हता, तेही सांगते. आदल्या रात्री ती दोन वाजेपर्यंत तळत आणि भाजत असायची. एका रात्रीचं उभं राहणं दुसऱ्या रात्रीला दिलं, एवढाच हिशेब.

रात्री दौंडला गाडीचं इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावत. आम्ही झोपेत असायचो, सकाळी उठलो की गाडी उलटी चालल्यासारखी वाटायची. आता तिथे कॉर्ड लाइन झाली आहे, त्यामुळे बऱ्याच गाड्यांचा तो मुक्काम वाचतो. मग भुसावळची केळी आणि शेगावची कचोरी. हे विकत घ्यायला परवानगी होती. केळ्याला निसर्गानंच साल दिलेली, आणि कचोरी समोर कढईतून निघालेली. यात आईचं शास्त्र पक्कं होतं. उघड्यावरचं कापलेलं फळ मात्र तिनं कधी घेऊ दिलं नाही.

हल्ली प्रवासच आखूड झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये नागपुरातल्या अजनीहून पुण्याला वंदे भारत सुरू झाली. बारा तासांच्या आसपास पोचते, बसल्या जागी ताट येतं. इतर गाड्यांत फोनवरून मागवलेलं जेवण पुढच्या स्टेशनावर डब्यात आणून देतात. माझी मुलगी तशीच जाते. तिला मी एकदा दशम्या दिल्या तर म्हणाली, ‘आई, कशाला रात्री जागलीस?’ मला राग आला नाही. तिच्या घरी रात्री खिचडीचा कुकर लागतो, तो टेबलावर येतो आणि दोघं नवरा-बायको एकदमच बसतात. भाकरी ती करतच नाही. मला भाकरीवाचून चुकल्यासारखं होतं, पण तिला ‘भाकरी कर’ म्हणायचा धीर होत नाही.

आजोळी पोचायला आम्हाला रात्र व्हायची. अंगावर दोन दिवसांची धूळ, घशाला कोरड. हातपाय धुऊन पाटावर बसलो की नागपूरची आजी मऊ भात, त्यावर वरण, तूप आणि लिंबाची फोड वाढायची. दोन दिवस बिनपाण्याचं खाल्ल्यावर तो पहिला घास असा काही उतरायचा की बोलायची सोय नाही! आई आमच्याच ओळीत बसायची. माहेर ते. आजी तिला आग्रह करकरून वाढायची आणि पोळी तव्यावरून थेट तिच्या ताटात टाकायची. सगळ्यांची झाल्यावर आजीनं स्वतःला काय वाढून घेतलं, ते आम्ही कधी बघितलं नाही. तोवर आम्हाला झोप लागलेली असायची.