स्मरणशक्तिवर्धक पूरके : ब्राह्मी, गिंको आणि जीवनसत्त्व ब-१२

परीक्षांचा हंगाम जवळ आला की औषधविक्रेत्यांच्या कपाटांत स्मरणशक्ती वाढविणाऱ्या गोळ्या व सरबते पुढच्या फळीवर येतात. विद्यार्थी ती घेतात, तशीच ओळखीची नावे विसरू लागलेले साठीचे गृहस्थही घेतात. दोघांची गरज मात्र एक नाही. प्रस्तुत लेखात अशा तीन द्रव्यांचा विचार केला आहे. त्यांपैकी दोन द्रव्ये असलेल्या क्षमतेत भर घालण्याचे आश्वासन देतात; तिसरे केवळ उणीव भरून काढते.

ब्राह्मीबाबत पहिली अडचण नावाचीच आहे. आयुर्वेदीय औषधिकोशानुसार ब्राह्मी म्हणजे ओलसर जागी पसरणारी, लहान जाडसर पानांची बॅकोपा मोनिएरी. आपल्याकडे पुष्कळ घरांतील कुंड्यांत 'ब्राह्मी' म्हणून वाढते ती मात्र वृक्काकार पानांची सेंटेला एशियाटिका, म्हणजेच मंडूकपर्णी. चरकसंहितेत जी चार मेध्य रसायने सांगितली आहेत, त्यांत उल्लेख आहे तो मंडूकपर्णीचा. शंखपुष्पीचीही हीच कथा. केरळात त्या नावाने गोकर्ण वापरतात. एका वनस्पतीवरील प्रयोगाचे श्रेय दुसरीला सहज मिळू शकते ते यामुळेच. म्हणून वेष्टनावरील शास्त्रीय नाव वाचल्यावाचून पुढे जाऊ नये.

बॅकोपावर ऑस्ट्रेलियात झालेले प्रयोग उद्बोधक आहेत. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४० ते ६५ वयाच्या ७६ व्यक्तींना तीन महिने तिचा अर्क अथवा निष्क्रिय गोळी देण्यात आली. अर्क घेणाऱ्यांमध्ये नव्याने शिकलेले विसरण्याचा वेग कमी आढळला. परंतु अवधान, अल्पकालीन स्मृती व शिकण्याचा वेग यांत फरक पडला नाही. त्याआधी, २००१ मध्ये, ३०० मिलिग्रॅमची एकच मात्रा देऊन दोन तासांनी चाचण्या घेतल्या असता काहीच परिणाम दिसला नव्हता. परीक्षेच्या आठवड्यात आणलेल्या बाटलीकडून काय अपेक्षा ठेवावी, हे यावरून उघड आहे. शिवाय हे अभ्यास लहान होते, हेही विसरता येत नाही.

गिंकोच्या बाबतीत पुरावा अधिक भक्कम आहे, पण तो प्रतिकूल आहे. अमेरिकेत ७५ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या ३,०६९ स्वयंसेवकांवर सुमारे सहा वर्षे चाललेल्या चाचणीचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. दिवसातून दोनदा १२० मिलिग्रॅम अर्क घेऊनही स्मृतिभ्रंशाचे प्रमाण घटले नाही. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी तर वैद्यकीय सल्ल्याविना गिंको घेऊच नये.

जीवनसत्त्व ब-१२ ची गोष्ट निराळी. चेतातंतूंवरील मायलिनचे आवरण टिकण्यासाठी ते आवश्यक असते आणि वनस्पतिजन्य आहारातून ते जवळजवळ मिळतच नाही. शाकाहारी मनुष्याची भिस्त दूधदुभत्यावर राहते. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ४४१ पुरुषांची तपासणी करून २००६ मध्ये दिलेला निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे: ६७ टक्के पुरुषांत ब-१२ ची पातळी कमी होती, आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते. हातापायांना मुंग्या येणे, थकवा, विस्मरण, उदासीनता ही या उणिवेची लक्षणे वार्धक्याच्या किंवा ताणाच्या खाती जमा होतात आणि रोगी ब्राह्मीचे सरबत घेत राहतो, ही खेदाची बाब होय. मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ही शक्यता वाढते.

येथे फॉलिक आम्लाचा उल्लेख करणे अवश्य आहे. ब-१२ ची उणीव असताना केवळ फॉलिक आम्ल घेतल्यास रक्तक्षय सुधारल्यासारखा दिसतो, परंतु चेतातंतूंची हानी चालूच राहते. बहुजीवनसत्त्वाच्या अनेक गोळ्यांत थोडे ब-१२ असतेच. त्या सुरू केल्यावर रक्तातील पातळी वर जाते आणि मूळ उणीव झाकली जाऊ शकते. म्हणून रक्ततपासणी पूरक सुरू करण्यापूर्वी करावी.