दहाव्या पायरीवरचा गोल

जेमी वार्डीची रील तुमच्याही फीडमध्ये कधी ना कधी येऊन गेली असणार. दिवसा कारखान्यात काम, संध्याकाळी सातव्या-आठव्या पायरीवरच्या क्लबकडून फुटबॉल आणि मग २०१६ मध्ये लेस्टर सिटीबरोबर थेट प्रीमियर लीगचं विजेतेपद. मागे ते ठरलेलं म्युझिक. शेवटी मोठ्या अक्षरांत ‘नेव्हर गिव्ह अप’. आपण लाइक मारतो, दोन मित्रांना टॅग करतो आणि परत प्लेसमेंटच्या ॲप्टिट्यूड टेस्टकडे वळतो.

आज ज्याच्याबद्दल सांगायचंय, त्याची अशी रील बनवणं अवघड आहे. कारण हा गडी उलटा गेला. सुरुवात सगळ्यात वरून केली आणि नंतर एकेक पायरी उतरत राहिला. नाव जेमीच, पण आडनाव क्युरटन.

आधी ती शिडी समजून घेऊ, नाहीतर गोष्टीतली मजा कळणार नाही. आपण टीव्हीवर बघतो ती प्रीमियर लीग म्हणजे इंग्लिश फुटबॉलची पहिली पायरी, तिथे २० क्लब. तिच्याखाली चॅम्पियनशिप, मग लीग वन, मग लीग टू, प्रत्येकात २४. असे झाले ९२ क्लब. बहुतेक चाहत्यांसाठी फुटबॉल इथेच संपतं. पण शिडी संपत नाही. पाचवी पायरी नॅशनल लीग, सहावी तिचेच उत्तर-दक्षिण असे दोन भाग, आणि त्याच्याखाली विभागवार लीग सुरू होतात. नवव्या-दहाव्या पायरीवर पोचेपर्यंत स्टेडियमचं मैदान झालेलं असतं आणि प्रेक्षकांमध्ये खेळाडूंचे आईवडील ओळखू येतात. सगळ्या पायऱ्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. जिंकलात तर वर, हरलात तर खाली.

क्युरटनचा जन्म १९७५ चा, ब्रिस्टलचा. नॉर्विच सिटीच्या युवा संघातून तो वर आला आणि १९९४-९५ च्या मोसमात, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, प्रीमियर लीगमध्ये गोल करत होता. म्हणजे तुमच्या एसवायच्या वयात. इप्सविचविरुद्धच्या डर्बीसाठी या पठ्ठ्याने केस हिरवे रंगवले होते, कारण नॉर्विचचे रंग पिवळा आणि हिरवा. पण त्याच मोसमाच्या शेवटी नॉर्विच घसरून दुसऱ्या पायरीवर गेलं. सर्वोच्च पातळीवरचं त्याचं आयुष्य तेवढंच. एक मोसम!

इथे वाचणं थांबवलंत तर ही ‘वाया गेलेल्या पोराची’ गोष्ट वाटेल. आपल्याकडे नातेवाईक सांगतात तशी. पण त्याचं करिअर इथून सुरू होतं.

१९९६ ला तो स्वतःच्या गावच्या ब्रिस्टल रोव्हर्सकडे गेला. तिसरी पायरी, पण गोलांचा पाऊस. मग २००० मध्ये रेडिंग. २००१ ला वर जाण्यासाठीची प्लेऑफ फायनल कार्डिफला झाली. क्युरटनने पहिला गोल केला, तरी रेडिंग जादा वेळेत वॉलसॉलकडून ३-२ ने हरलं. आख्खं वर्ष एका संध्याकाळी गेलं.

पुढच्या वर्षी पुन्हा तोच पेच. एप्रिल २००२, मोसमातली शेवटची मॅच, ब्रेंटफर्डच्या मैदानावर. बरोबरी झाली तर रेडिंग वर जाणार, ब्रेंटफर्ड जिंकलं तर ब्रेंटफर्ड. ब्रेंटफर्डने आघाडी घेतली. शेवटची पंधराएक मिनिटं उरली असताना क्युरटनने बॉल गोलकीपरच्या डोक्यावरून अलगद उचलला आणि १-१. रेडिंगमध्ये आजही लोक तो गोल काढून बघतात. ब्रेंटफर्ड प्लेऑफ फायनलमध्येही हरलं. त्या दिवशी ब्रेंटफर्डच्या बाकावर हताश बसलेले मॅनेजर होते स्टीव्ह कॉपेल. हो, तेच, ज्यांनी पुढे २०१६ मध्ये केरळ ब्लास्टर्सला आयएसएलच्या फायनलपर्यंत नेलं. फुटबॉलमध्ये सगळे कुठे ना कुठे परत भेटतात.

त्यानंतरची यादी मी वहीत लिहायला घेतली आणि पान पुरेना. २००३ मध्ये दक्षिण कोरियातलं बुसान, तेही काही महिनेच. परत येऊन क्यूपीआर. मग स्विंडन. मग कोलचेस्टर. नॉर्विचमध्ये दुसरी खेप. उधारीवर बार्न्सली, श्रूजबरी. एक्सेटर, लेटन ओरिएंट, परत एक्सेटर, चेल्टनहॅम, डॅगनहॅम. डझनाहून जास्त क्लब, आणि हे फक्त वरच्या चार पायऱ्यांच्या आसपासचं.

‘जर्नीमन’ म्हणतात अशा खेळाडूला. शब्द जुना, कारागिरांच्या जगातला. काम शिकून झालेलं, पण स्वतःचं दुकान नाही, रोजावर दुसऱ्याकडे काम करणारा. मराठीत मला त्याच्या जवळचा शब्द सापडला तो ‘बदली कामगार’. गिरणगावातल्या आजोबांना विचारा, ते अर्थ बरोबर सांगतील.

बदलीवरचं हे जगणं कसं असतं? कॉन्ट्रॅक्ट बहुतेक वेळा एक किंवा दोन वर्षांचं, आणि ते संपतं ३० जूनला. मोसम मे महिन्यात संपला की क्लब एक यादी जाहीर करतो, कोणाला ठेवलं आणि कोणाला सोडलं. सोडलेल्यांच्या नावापुढे ‘रिलीज्ड’. एवढंच. त्यांच्या पोरांच्या शाळेचं ॲडमिशन, घरभाडं, बायकोची नोकरी हे सगळं त्या एका शब्दाभोवती फिरत असतं. क्लब खाली घसरला तर अनेकांच्या करारात पगारकपातीचं कलम असतं. मॅच खेळलात तर वेगळे पैसे, गोल केलात तर वेगळे, म्हणजे हॅमस्ट्रिंग ताणली की दुखतं तेही दोन ठिकाणी.

मोसमाच्या मध्येच उधारीवर पाठवतात तेव्हा तर दोन दिवसांत गाव बदलायचं. नवीन ड्रेसिंग रूम, नवीन खुंटी, आणि शनिवारी तीन वाजता मॅच. तिथल्या पोरांना तुमचं नाव कळायच्या आत तुम्ही त्यांना क्रॉस कुठे पाहिजे ते सांगत असता.

आणि हा नियम ज्याच्यामुळे बदलला, तो माणूसही काही मोठा स्टार नव्हता. जाँ-मार्क बोस्मान. १९९० मध्ये बेल्जियमच्या लिएज क्लबबरोबरचा त्याचा करार संपला. क्लबने पगार कापून नवीन करार पुढे केला. त्याला फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीतल्या डंकर्कला जायचं होतं. पण तेव्हा करार संपला तरी जुना क्लब ट्रान्सफरचे पैसे मागू शकत असे. पैसे जमले नाहीत, तो अडकला. कोर्टात गेला. डिसेंबर १९९५ मध्ये युरोपियन न्यायालयाने निकाल दिला की करार संपलेला खेळाडू मोकळा. आज मोठे स्टार करार संपवून फुकटात क्लब बदलतात आणि स्वतः कोट्यवधी घेतात, ते या निकालाच्या जोरावर. बोस्मानचं स्वतःचं करिअर मात्र त्या पाच वर्षांत संपून गेलं. पुढे पैशाची चणचण आणि दारू. खालच्यांना या निकालाचा किती फायदा झाला, याबद्दल मला शंकाच आहे. मोकळे झाले खरे, पण दर जूनला मोकळे.

क्युरटनकडे परत येऊ. सगळ्यात मोठा धक्का त्याने दिला तो वयाच्या ३१ व्या वर्षी. २००६-०७ मध्ये कोलचेस्टर पहिल्यांदाच दुसऱ्या पायरीवर पोचलं होतं. जेमतेम सहा हजार माणसं मावतील असं मैदान. सगळे म्हणत होते, हे सरळ खाली येणार. ते दहावे आले आणि क्युरटनने लीगमध्ये २३ गोल केले. आख्ख्या चॅम्पियनशिपमध्ये सर्वात जास्त. म्हणजे त्या वर्षी दुसऱ्या पायरीवर त्याच्याएवढे गोल कोणाचेच नव्हते, तरी प्रीमियर लीगमध्ये तो परत कधीच खेळला नाही. नॉर्विचने परत घेतलं, तेही दुसऱ्याच पायरीवर. मला इथे खरंच वाईट वाटलं. टॉपर येऊनही मोठ्या कंपनीने रेझ्युमे उघडला नाही, असं काहीसं.

पण तो थांबला नाही. वयाच्या ३९ व्या वर्षी डॅगनहॅमकडून चौथ्या पायरीवर १९ गोल. २०१६ ला डॅगनहॅम ९२ मधून बाहेर पडलं आणि क्युरटनही. त्याच्यानंतर फार्नबरो, सेंट ऑल्बन्स, बिशप्स स्टॉर्टफर्ड अशी गावं. स्टॉर्टफर्डला तर खेळाडूही तोच आणि मॅनेजरही तोच. इथले बरेच खेळाडू दिवसा नोकरी करतात, आठवड्यातून दोन संध्याकाळी ट्रेनिंग, एखादी मॅच मंगळवारी रात्री. शेवटी किंग्ज पार्क रेंजर्स नावाच्या क्लबकडून, वयाच्या ४६ व्या वर्षी, त्याने दहाव्या पायरीवर गोल केला. इंग्लिश फुटबॉलच्या पहिल्या दहाही पायऱ्यांवर गोल करणारा पहिला खेळाडू. तेव्हा कुठे पेपरवाल्यांनी परत त्याच्याकडे मोर्चा वळवला.

(याच जमातीतला जेफरसन लुईस तुम्हाला आवडेल. चाळीसहून जास्त क्लब! डिसेंबर २००२ मध्ये एफए कपमध्ये त्याच्या गोलने ऑक्सफर्डने स्विंडनला हरवलं, आणि पुढच्या फेरीत आर्सेनल आलंय हे कळल्यावर ड्रेसिंग रूममध्ये तो जो नाचला, ते बीबीसीवर लाइव्ह गेलं. अंगावर कपडे नव्हते, हा बारीकसा तपशील.)

आता माझा मुद्दा. क्युरटनला दहाव्या पायरीवर गोल करता आला, कारण दहावी पायरी होती.

मी कोल्हापूरची. आमच्याकडे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस असे संघ समोर आले की शाहू स्टेडियमकडे जाणारे रस्ते भरतात आणि गल्लीतल्या आज्जीलासुद्धा स्कोअर माहीत असतो. माझा मावसभाऊ त्या मैदानावर विंगला खेळायचा. बुटका, पण सुटला की सापडायचा नाही. पुढे कुठे जायचं, हा प्रश्न त्याला विसाव्या वर्षी पडला आणि तेव्हा उत्तर नव्हतं. महाराष्ट्राकडे बघा. २००५-०६ ची नॅशनल फुटबॉल लीग जिंकलेल्या मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २०१० मध्ये टाळं लावलं. पुण्यातले पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स, एफसी पुणे सिटी यांच्यापैकी एकही क्लब आज राष्ट्रीय लीगमध्ये नाही. भारत एफसी तर एकच मोसम खेळला. मुंबई एफसी २०१७ ला आय-लीगमधून घसरला आणि मग संपलाच. गोव्यासारख्या फुटबॉलवेड्या राज्यात डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिघांनी २०१६ मध्ये आय-लीगमधून माघार घेतली. आयएसएलमध्ये पहिली कित्येक वर्षं वर जाणं-खाली येणं हा प्रकारच नव्हता. पुढे कागदावर आय-लीगच्या खाली आय-लीग टू आणि थ्री आल्या, बरं झालं. पण आपल्याकडे खेळाडू पायरीवरून घसरत नाही, पायरीच निघून जाते.

दादा आता एका फायनान्स कंपनीत वसुलीला आहे. रविवारी सकाळी सीनियर पोरांबरोबर खेळतो, गुडघ्याला पट्टा लावून. माझी इंटर्नशिप या महिनाअखेरीस संपतेय, पुढे काय ते अजून कोणी बोललेलं नाही. त्यामुळे ३० जूनच्या यादीची गोष्ट मी जरा जास्तच मन लावून वाचली, हे कबूल.

परवा रात्री दादाला फोन करून क्युरटनची सगळी कुंडली ऐकवली. हिरवे केस, तो चिप केलेला गोल, बुसान, २३ गोल, ४६ वं वर्ष. तो बराच वेळ नुसता हं-हं करत होता. मला वाटलं टीव्ही बघतोय. मग म्हणाला, “त्या धाव्या लीगला पेट्रोलचं पैसं देत्यात काय गं?”

बऱ्याच ठिकाणी देतात, म्हटलं.

“मग चांगलंय की,” तो म्हणाला.