टेकडीवरचा वेताळ, मंगोलियातला भाऊबंद

पुण्यात कर्वेनगरच्या उत्तरेला, कोथरूडपलीकडे, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीची वेताळ टेकडी आहे. माथ्यावर वेताळाचं देऊळ. कोकणात हाच भुतांचा राजा कित्येक गावांचा राखणदार. त्याचं खरं वैभव मात्र गोष्टींत. सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या ‘कथासरित्सागरा’त प्रेतात शिरलेला वेताळ राजा त्रिविक्रमसेनाला, म्हणजे आपल्या विक्रमाला, त्याच्याच खांद्यावरून कोडी घालतो, राजा बोलला की प्रेत पुन्हा झाडावर. ही युक्ती तिबेट-मंगोलियापर्यंत पोचली. तिथला वेताळ, ‘सिद्धी कूर’, राजपुत्राच्या पाठीवरच्या पोत्यातून गोष्ट रंगवतो आणि ऐकणाऱ्याच्या तोंडून नकळत उद्गार निघाला की निसटतो. कोडं न घालता नुसत्या कुतूहलानं हरवणारा हा वेताळ मला जास्त धूर्त वाटतो.