दुचाकीवरची थंडी

बेंगळूरुची थंडी हा उत्तरेकडून आलेल्या माणसाच्या थट्टेचा विषय आहे. डिसेंबर-जानेवारीत येथील पहाटेचे किमान तापमान सरासरीने १५-१६ अंशांच्या आसपास असते. वेधशाळेच्या दप्तरातील सर्वांत नीचांकी नोंद ७.८ अंशांची, आणि तीही १३ जानेवारी १८८४ ची. नागपूरकरालासुद्धा हिला थंडी म्हणावयास संकोच वाटेल. तथापि याच दिवसांत पहाटे साडेपाचच्या सुमारास जयनगरच्या एखाद्या चौकात उभे राहून पाहावे. पायी फिरावयास निघालेले वृद्ध गृहस्थ एका साध्या स्वेटरावर प्रसन्न दिसतात. आणि त्यांच्या शेजारून दुधाच्या पिशव्या किंवा वर्तमानपत्रांचे गठ्ठे घेऊन जाणारा तरुण मात्र दुचाकीवर अंग चोरून, दात आवळून बसलेला असतो. हवा एकच, रस्ता एकच. मग म्हाताऱ्याला सुखविणारा गारवा तरुणाला का बोचावा?

याचे उत्तर असे, की दुचाकीस्वाराची थंडी ही बव्हंशी त्याने स्वतःच निर्माण केलेली असते. मनुष्यदेहाभोवती त्याच्याच उष्णतेने तापलेल्या हवेचे एक पातळ वेष्टन सदैव असते. स्थिर हवेत ते टिकते आणि पांघरुणाचे काम करते. वारा सुटला की हे वेष्टन उडून जाते, शरीर पुन्हा नवी हवा तापवू लागते आणि तीही निघून जाते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारा स्वार म्हणजे तितक्याच वेगाच्या वाऱ्यात उघड्यावर बसलेला मनुष्य. फरक एवढाच, की वारा त्याच्याकडे आलेला नसून तो वाऱ्याकडे गेलेला आहे.

या हानीचे गणित प्रथम मांडले गेले ते अंटार्क्टिकावर. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या दोन अमेरिकी संशोधकांनी १९४० च्या सुमारास तेथे एका लहानशा नळकांड्यात पाणी भरून, निरनिराळ्या वाऱ्यांत ते गोठावयास किती वेळ लागतो हे मोजले आणि १९४५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. अमेरिका व कॅनडा यांनी २००१ मध्ये त्यात सुधारणा करून जे सूत्र स्वीकारले, त्यानुसार हवा १० अंश असता २० किलोमीटरच्या वाऱ्यात उघड्या कातडीला सुमारे ७ अंशांची थंडी जाणवते, ६० च्या वाऱ्यात ५ अंशांची आणि ८० च्या वाऱ्यात साडेचार अंशांहून थोडी कमी. हे आकडे जरा न्याहाळून पाहण्यासारखे आहेत. पहिल्या २० किलोमीटरांतच निम्म्याहून अधिक नुकसान होऊन जाते. पुढे वेग वाढविला तरी थंडी त्या मानाने वाढत नाही. ‘मी काही वेगाने जात नाही, मला उबदार कपड्यांची काय गरज?’ असे म्हणणाऱ्या सावकाश स्वाराचा युक्तिवाद येथेच कोसळतो. शिवाय त्या सूत्रातला वारा जमिनीपासून १० मीटर उंचीवर मोजलेला असतो. चेहऱ्याच्या उंचीवर तो मंदावतो असे गृहीत धरूनच हिशेब केलेला आहे. स्वाराच्या चेहऱ्यावर मात्र पूर्ण वेगाचा वारा आदळतो. म्हणजे त्याची अवस्था कोष्टकापेक्षा काहीशी वाईटच.

निफाडच्या द्राक्षमळ्यांकडे पारा काही वर्षी पाच अंशांच्याही खाली उतरतो. त्या पहाटे मोटारसायकलीला दुधाच्या किटल्या लावून ६० च्या वेगाने निघालेल्या गवळ्याच्या उघड्या बोटांना जी थंडी जाणवते, ती स्थिर हवेतील उणे दोन अंशांच्या बरोबरीची असते. महाराष्ट्रात बर्फ पडत नाही हे खरे. पण महाराष्ट्रातल्या दुचाकीवर त्याच्या जवळपासची थंडी रोज पहाटे प्रवास करीत असते.

केवळ अंगावर काटा येण्यापुरता हा प्रश्न असता, तर त्यावर इतके बोलण्याचे कारण नव्हते. परंतु थंडी स्वाराचे जे हिरावून घेते, त्यावरच त्याचा जीव अवलंबून असतो. शरीराला उष्णता कमी पडू लागली की ते काटकसर सुरू करते. हृदय, मेंदू इत्यादी मर्मस्थाने राखण्यासाठी हातापायांच्या कातडीतील रक्तवाहिन्या आकुंचित होतात. देहाच्या दृष्टीने ही शहाणपणाची गोष्ट होय. दुचाकीच्या दृष्टीने ती घातक आहे, कारण पुढच्या चाकाचा ब्रेक, क्लच आणि वेगाची मूठ ही सारी हातांच्या हवाली असतात. बोटांच्या कातडीचे तापमान १५ अंशांच्या आसपास उतरले, की त्यांची चपळाई मंदावते. ते आठाच्या आसपास गेले, की स्पर्शज्ञानच बधिर होऊ लागते. ६० च्या वेगाने गाडी दर सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. ताठरलेल्या बोटांनी ब्रेकची दांडी अर्धा सेकंद उशिरा ओढली, तर आठ मीटरांहून अधिक रस्ता हातचा जातो. आणि बैलगाडीच्या मागे थांबणे व बैलगाडीवर आदळणे यांतील अंतर पुष्कळदा याहून कमी असते.

याहून सूक्ष्म हानी मनाची. कुडकुडणाऱ्या मनुष्याचे लक्ष रस्त्यावर नसून आपल्या कुडकुडण्यावर असते. त्याला लवकर पोहोचावयाचे असते, म्हणून तो वेग वाढवितो. आणि थांबणे नकोसे वाटते, म्हणून थांबत नाही. शरीराचे अंतर्गत तापमान ३७ वरून ३५ अंशांखाली गेले, तर वैद्यक त्याला शीतबाधा म्हणते. आपल्याकडे दुचाकीवर सहसा तेथवर पाळी येत नाही. परंतु त्याच्या पुष्कळ आधीच निर्णयशक्ती मंदावते, आणि ती मंदावल्याचे ज्याचे त्याला कळत नाही. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. थंडीचा वाटा यात किती, हे कोणत्याही पंचनाम्यात लिहिले जात नाही. बधिर बोट पंचनाम्यात दिसत नाही.

उपायांकडे वळताना एक गोष्ट ध्यानी धरावी, की स्वाराला प्रथम वारा अडवावयाचा असतो. ऊब साठविणे हे नंतरचे. आपल्याकडे नेमके उलट होते. एकावर एक दोन लोकरी स्वेटर चढवून मनुष्य निघतो, आणि लोकरीच्या विणीतून वारा खुशाल आत शिरतो. त्याऐवजी एकाच स्वेटरावर वारा न शिरणारे साधे पावसाळी जाकीट घातले, तर ते दुसऱ्या स्वेटराहून अधिक उपयोगी पडते. जुने मोटारसायकलवाले सदऱ्याच्या आत छातीवर वर्तमानपत्र पसरीत, ते याच कारणाने. फ्रान्समधील प्रसिद्ध सायकल शर्यतीतले स्पर्धकही घाटमाथ्यावर वर्तमानपत्र घेऊन अंगरख्यात खुपसून मगच उताराला लागत असत. कागदाच्या घड्यांत हवा अडकते आणि वारा अडतो, म्हणजे दोन्ही कामे एका आण्याच्या मालात होतात. वर्तमानपत्राचा याहून निर्विवाद उपयोग मला तरी ठाऊक नाही.

अंगालगत सुती बनियन नसलेले बरे. सूत घाम शोषते आणि धरून ठेवते, व ओले सूत शरीराची उष्णता भराभर ओढून घेते. लोकर ओलसर झाली तरी पुष्कळशी ऊब राखते. धनगराची घोंगडी आणि कर्नाटकातील कुरुबांची कांबळी पावसात का वापरली जाते, याचे रहस्य हेच आहे. हातमोज्यांच्या बाबतीत मात्र लोकर फसवी ठरते. तिच्यातून वारा जातो आणि ब्रेकच्या दांडीवर ती निसटते. चामड्याचे किंवा वारारोधी कापडाचे, मनगटाच्या वर बाहीवर चढणारे मोजे असावेत. ते घातल्यावर एका बोटाने दांडी ओढून पाहावी. इतके जाड मोजे, की दांडी हाताला जाणवू नये, तेही अपायकारकच. नाइलाज असेल तर साध्या मोज्यांच्या आत पातळ प्लास्टिकचे मोजे घालावे, तेवढ्यानेही वारा अडतो. आणि बधिर झालेले हात इंजिनावर शेकण्याची पद्धत आहे, तिच्याविषयी सावध राहावे. ज्या बोटांना थंडी कळत नाही, त्यांना भाजलेलेही लवकर कळत नाही.

मफलर हा मराठी माणसाचा हिवाळी अलंकार. परंतु त्याचे मोकळे टोक दुचाकीवर प्राणघातक ठरू शकते. प्रख्यात नर्तकी इसाडोरा डंकन हिचा १४ सप्टेंबर १९२७ रोजी नीस येथे अंत झाला, तो गळ्यातील लांब रेशमी वस्त्र मोटारीच्या चाकात गुरफटून. आपल्याकडे साडीचा पदर व ओढणी यांचे तेच भय आहे, म्हणून तर मागल्या चाकाला जाळी लावण्याचा नियम १९८९ च्या मोटार वाहन नियमांत आला. मफलर वापरावयाचा तर त्याची दोन्ही टोके जाकिटाच्या आत खोवून साखळी वरपर्यंत ओढावी.

माकडटोपीचेही असेच. जाड कानटोपीवर हेल्मेट घातले, की ते डोक्यावर नीट बसत नाही, पट्टा सैल राहतो आणि आघाताच्या वेळी हेल्मेट डोक्याआधी निघून जाते. अंगाशी बसणारी पातळ टोपी तेवढी आत चालेल. १ जून २०२१ पासून भारतीय मानक चिन्ह असलेलीच हेल्मेटे विकण्याचे बंधन आहे; तोंड झाकणारे, पुढे काच असलेले हेल्मेट थंडीत विशेष हितावह, कारण डोळ्यांत वाऱ्याने येणारे पाणी त्याने थांबते. त्या काचेवर श्वासाची वाफ जमते, ही मात्र खरी अडचण आहे. चढावर किंवा सिग्नलपाशी काच बोटभर उघडी ठेवावी. दुहेरी काचेची सोय असेल तर उत्तम.

रस्त्यालाही थंडी लागते. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टायरमधील हवेचा दाब, तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की सुमारे एका पौंडाने उतरतो, आणि थंड रबर पहिले काही किलोमीटर रस्त्याला नीट धरीत नाही. त्यात दव. याच ऋतूत बेंगळूरुच्या रस्त्यांवर टबेबुयाचा गुलाबी फुलोरा येतो. या फुलांची छायाचित्रे सर्वत्र झळकतात. पण दवाने भिजलेला पाकळ्यांचा तो गालिचा वळणावर केळीच्या सालीसारखा वागतो. पांढऱ्या पट्ट्यांचेही तसेच. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या मोटारसायकलींना चाक अडकू न देणारे ब्रेक सक्तीचे झाले, ही मोठीच सोय होय. परंतु ती ब्रेक ओढल्यानंतरची सोय आहे, ओढण्यास लागणाऱ्या वेळावर तिचा काही इलाज नाही.

जयनगरातील तरुण मंडळी हिवाळ्यातल्या रविवारी रात्रीच्या तीन-चार वाजता साठ-पासष्ट किलोमीटरांवरील नंदीदुर्गाकडे सूर्योदय पाहावयास निघतात. १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसच्या फौजेने घेतलेला हा गड समुद्रसपाटीपासून सुमारे १,४७८ मीटर उंच आहे, म्हणजे शहराहून साडेपाचशे मीटर वर. एवढ्या चढाने साधारण हिशेबाने तीन-साडेतीन अंश तापमान उतरते. परंतु धोका गडावर नसून वाटेवर आहे. निरभ्र, निवांत रात्री जड थंड हवा देवनहळ्ळीच्या सपाटीवर साचते आणि धुके धरते. विमानतळावरची सकाळची उड्डाणेही त्याने खोळंबतात. गडावरून दिसणारा जो ढगांचा समुद्र पाहावयाला सारे येतात, त्याच समुद्राच्या तळाशी त्यांचा परतीचा रस्ता असतो. धुक्यात दिव्याचा वरचा झोत लावला की जलकणांवरून तो परतून आपल्याच डोळ्यांवर येतो. झोत खालीच ठेवावा. वेगाचा हिशेब सरळ आहे. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकनिशी, ६० च्या वेगाने थांबावयास सुमारे ४० मीटर लागतात आणि ४० च्या वेगाने २१-२२ मीटर. समोरचे ३० मीटरच दिसत असेल, तर ६० ने जाणारा मनुष्य न दिसणाऱ्या वस्तूवर अगोदरच आदळलेला आहे. दवाने ओल्या रस्त्यावर ही अंतरे आणखी वाढतात.

दर अर्ध्या-पाऊण तासाने थांबून, उतरून, हात जोराने फिरवावेत आणि गरम चहा घ्यावा. ऊब यावी म्हणून घोटभर रम घेण्याची शिफारस करणारे अनुभवी लोक भेटतात. मद्याने कातडीतील रक्तवाहिन्या सैलावतात, क्षणभर ऊब वाटते आणि राखून ठेवलेली उष्णता त्याच वाटेने बाहेर पडते. चालविण्याचा प्रश्न तर वेगळाच. बरोबरचा कोणी अडखळत बोलू लागला, बटण लावता येईना किंवा एकाएकी गप्प झाला, तर त्याला त्या क्षणी गाडीवरून उतरवावे. आडोशाला नेऊन ओले कपडे काढावेत, कोरडे पांघरूण द्यावे, शुद्धीवर असेल तर गोड गरम पेय पाजावे. गोंधळ उतरेना, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आणि बरे वाटले तरी त्याची गाडी तेथेच ठेवून त्याला कोणाच्या तरी मोटारीतून घरी पाठवावे. धुके साधारणपणे आठ-नऊ वाजेतो विरते. तोवर गडावरच नाश्ता करीत बसलेली मंडळी, रात्रभराची झोप नसली तरी, निदान दिसणाऱ्या रस्त्याने घरी परततात.