माल्टाचा अन्नाचा हिशेब

एखाद्या मोठ्या देशांत एका प्रांतांतलें पीक बुडालें, तर शेजारच्या प्रांतांतून आगगाडीनें धान्य आणतां येतें. बेटाला असा शेजार नसतो. समुद्राची वाट बंद झाली कीं कोठारांत जेवढें असेल तेवढ्यावरच दिवस काढणें त्याला भाग पडतें. दुसऱ्या महायुद्धांत भूमध्य समुद्रांतील माल्टा बेटावर नेमका हाच प्रसंग ओढवला होता. तेथील सरकारनें त्याला कसें तोंड दिलें, हें पाहण्यासारखें आहे. कारण अन्नाची योजना म्हणजे केवळ धान्य सांठविणें नव्हे, ही गोष्ट त्या इतिहासांत फार स्पष्टपणें दिसून येते.

माल्टा हें सिसिलीच्या दक्षिणेस सुमारें ९० किलोमीटरांवर आहे. शेजारचीं लहान बेटें धरून त्याचें क्षेत्रफळ सुमारें ३१६ चौरस किलोमीटर भरतें. आणि युद्धाच्या आरंभीं तेथें अडीच लाखांहून अधिक लोक राहत होते. जमीन खडकाळ, बारमाही नदी एकही नाहीं, पाऊस बेताचा. बटाटे, कांदे, द्राक्षें पिकत; पण गहू, साखर, रॉकेल आणि कोळसा यांसाठीं मुख्यतः जहाजांचीच वाट पाहावी लागे. त्या वेळीं बेटावर ब्रिटिशांचा अंमल होता व त्यांच्या आरमाराचा तेथें तळ होता. १० जून १९४० रोजीं इटलीनें युद्ध पुकारलें आणि दुसऱ्याच दिवशीं माल्टावर बाँब पडूं लागले.

सरकारचा पहिला उपाय वाटपाचा होता. एप्रिल १९४१ मध्यें साखर, कॉफी, साबण आणि काड्यापेट्या यांचें रेशनिंग सुरू झालें. पावाला मात्र शक्य तोंवर हात लावण्यांत आला नाहीं. कारण माल्टी श्रमिकाचें जेवण म्हणजे मुख्यतः पावच. पीठ पुरावें म्हणून त्यांत बटाटा मिसळण्यांत येऊं लागला. अखेर मे १९४२ मध्यें पावही रेशनवर आला: दरडोई रोज साडेदहा औंस, म्हणजे सुमारें ३०० ग्रॅम.

दुसरा निर्णय याहून कठीण होता. माल्टांत घरोघरीं शेळीचें दूध वापरीत. परंतु शेळ्यांना वैरण हवी, आणि जहाजांत वैरण भरली तर तेवढी धान्याची जागा जाते. म्हणून हजारों जनावरें कापण्यांत आलीं. कांहीं काळ मांस मिळालें, पण दूध आटलें, आणि लहान मुलांना डब्यांतील दुधावर व दुधाच्या भुकटीवर अवलंबून राहावें लागलें.

तिसरा धडा बंदरांत मिळाला. मार्च १९४२ मध्यें अलेक्झांड्रियाहून चार मालवाहू जहाजें निघालीं. त्यांपैकीं दोन व्हॅलेटाच्या बंदरांत सुखरूप पोंचलीं. परंतु माल उतरविण्याचें काम संथपणें चाललें, आणि तीन दिवसांनीं तीं जहाजें धक्क्याजवळच बाँबनें बुडालीं. एकंदर सुमारें २६ हजार टन मालापैकीं जेमतेम ५ हजार टन हातीं लागला. समुद्र ओलांडून आलेलें अन्न शेवटच्या शंभर पावलांत गमावलें गेलें. यानंतर सैनिकांची मदत घेऊन, धुराचा पडदा धरून माल झपाट्यानें उतरविण्याची व्यवस्था करण्यांत आली.

जूनमध्यें पश्चिमेकडून सहा जहाजें निघालीं, पोंचलीं दोनच. तेव्हां उपराज्यपाल सर एडवर्ड जॅक्सन यांनीं नभोवाणीवरून लोकांपुढें खरा हिशेब मांडला. आहे तो सांठा अमुक एका तारखेपर्यंत पुरेल आणि तोंपर्यंत तो पुरविलाच पाहिजे, असें त्यांनीं सांगितलें. ती तारीख मात्र शत्रूच्या कानीं जाऊं नये म्हणून उघड केली नाहीं. त्या तारखेच्या पुढें बेट तग धरूं शकलें नसतें. सर्व रेशन तिच्यावरूनच ठरत होतें.

धान्याइतकाच इंधनाचा तुटवडा होता. घरोघरीं चूल पेटविण्यापेक्षां एकाच मोठ्या भांड्यांत अनेकांचें अन्न शिजविलें, तर रॉकेल वांचतें. म्हणून १९४२ च्या आरंभापासून ‘व्हिक्टरी किचन’ या नांवाचीं सार्वजनिक स्वयंपाकघरें निघालीं. आपल्या रेशनचा कांहीं भाग सोडून आणि थोडे पैसे भरून कुटुंबास तेथून शिजलेलें अन्न नेतां येई. तें लोकांना आवडत नसे. शेळीचें मांस आणि पातळ कालवण यांविषयीं तक्रारी फार होत्या. तरीही १९४३ च्या आरंभीं पावणेदोन लाखांच्या आसपास लोक या स्वयंपाकघरांवर जेवत होते.

ऑगस्ट १९४२ मध्यें चौदा जहाजांचा मोठा तांडा निघाला. प्रत्येक जहाजांत थोडें थोडें सर्व प्रकारचें सामान भरलें होतें. एखादें जहाज बुडालें तरी एखादा जिन्नस सबंधच नाहींसा होऊं नये, हा त्यांतील हेतु. नऊ जहाजें बुडालीं, चारशेंहून अधिक माणसें कामास आलीं. पांच जहाजें पोंचलीं; त्यांतलें शेवटचें ‘ओहायो’ हें तेलवाहू जहाज १५ ऑगस्ट रोजीं दोन विनाशिकांच्या आधारानें बंदरांत शिरलें. त्यामुळें ती तारीख कांहीं आठवडे पुढें ढकलली गेली. नोव्हेंबरमध्यें चार जहाजें सुखरूप आलीं, तेव्हां वेढा खऱ्या अर्थानें उठला.

या योजनेचें यश अपुरेंच होतें. काळाबाजार थांबला नाहीं. १९४२ सालीं अर्भकांचे मृत्यु फार वाढले, आणि अर्धपोटीं राहिलेल्या शरीरांत रोग बळावले. योजनेनें नवें धान्य पिकविलें नाहीं. होतें तें किती दिवसांचें आहे हें तिनें मोजलें, लोकांना तें सांगितलें, आणि शक्य तितकें सारखें वांटलें. समुद्रावर विसंबणाऱ्या प्रत्येक बेटाला हा हिशेब वाट मोकळी आहे तोंवरच करून ठेवावा लागतो. वाट बंद झाल्यावर हातांत फक्त वजनकांटा उरतो.